कुष्ठरोग शोधायला संध्याकाळी जा: आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

३० जानेवारी, म्हणजे कुष्ठरोगविरोधी दिन आला की आरोग्य केंद्रांत फलक लागतात, शपथ होते, पंधरवडा संपतो. कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून याच शहरात नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून लिहितो आहे.

'दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण' हे उद्दिष्ट देशाने २००५ अखेर गाठलं. पण त्यात मोजले जातात ते फक्त उपचार चालू असलेले. गोळ्या संपल्या की नाव रजिस्टरमधून कमी. सांसर्गिक रुग्णाचा उपचार २४ महिन्यांवरून १२ वर आला, तेव्हा नवे रुग्ण तेवढेच राहिले असते तरी हा आकडा घसरणारच होता! खरी परिस्थिती कळते ती नव्या रुग्णांत मुलं किती आणि हातापायाची विकृती घेऊनच आलेले किती, यावरून. मूल सापडलं म्हणजे जवळपास कुणीतरी मोठं माणूस उपचाराविना आहे. विकृती म्हणजे आपण उशिरा पोचलो. हे दोन आकडे वॉर्डवार जाहीर करा. शहराची सरासरी काढली की गोवंडी मलबार हिलमध्ये विरघळून जाते.

आता सर्वेक्षण. सेविका सकाळी अकराला दार वाजवते, घरात सासू आणि लहान पोरं. जरीच्या, चामड्याच्या कारखान्यांत पोटमाळ्यावर झोपणाऱ्या कामगारांपर्यंत तर कुणी जातच नाही. संसर्गानंतर आजार दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा. तोवर माणूस तीन ठिकाणी राहून गेलेला असतो. पथकं संध्याकाळी आणि रविवारी पाठवा. 'अंगावर डाग आहे का?' एवढं विचारून भरलेले फॉर्म मी ढिगाने पाहिलेत. पाठीवरचा सुन्न चट्टा खाजत नाही, दुखत नाही. माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतो, तो सांगणार काय? उघडून बघावं लागतं. बायकांना तपासायला बाई हवी, आणि आडोसा.

रुग्णाच्या संपर्कातल्यांना आजार होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा (कुष्ठरोग आणि क्षय दोन्हींवर चालणारं औषध) एक डोस द्यायची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पण शेजाऱ्यांना कळेल या धास्तीने रुग्णच नको म्हणतो. मग अख्ख्या गल्लीची त्वचातपासणी करा, क्षयाची शंका वगळून सगळ्यांना डोस द्या, नाव कुणाचंच घेऊ नका. वडाळ्याचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून उभं असलेल्या शहराला हे खरं तर सांगावं लागू नये.

संसर्ग २०२७ पर्यंत थांबवायचा, असं देशाने ठरवलं आहे. गोवंडीचा एम पूर्व आणि धारावीचा जी उत्तर, या दोन वॉर्डांपासून सुरुवात करा. संध्याकाळच्या पथकाबरोबर फिरायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, कुर्ला