गोळीतले औषध आले कुठून?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आईला रक्तदाबाची गोळी सुरू होऊन बरीच वर्षे झाली. नवी स्ट्रिप आली की ती भिंग घेऊन आधी मुदतीची तारीख पाहते, मग नाव. परवा तिने विचारले, "४० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही, मग एवढी गोळी कशाची?" प्रश्न रास्त आहे. बाकीचे असते लॅक्टोज, स्टार्च, गोळी साच्याला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट. मूळ औषधी द्रव्यही बहुधा दुसऱ्याच कारखान्यातून आलेले असते. स्ट्रिपवर सहसा नाव असते ते गोळी बनवणाऱ्याचे.

२०१८ मध्ये वाल्सार्टन या रक्तदाबाच्याच औषधात एनडीएमए हा कर्करोगाचा धोका वाढवू शकणारा घटक सापडला. कुणी भेसळ केली नव्हती. मूळ द्रव्य बनवण्याची रासायनिक प्रक्रिया बदलली होती, त्या नव्या पद्धतीत तो आपोआप तयार होत होता आणि नेहमीच्या चाचण्या त्याचा शोधच घेत नव्हत्या. अनेक देशांत गोळ्या परत मागवाव्या लागल्या.

सिरपची गोष्ट तर जिवावर बेतणारी. सिरपमध्ये औषध विरघळवायला वापरतात त्या ग्लिसरीनच्या किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलच्या ड्रममध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन असले तर पाहून ओळखता येत नाही. तेही रंगहीन, दाटसर, चवीला गोड. मुलाची लघवी बंद होते तोवर मूत्रपिंडे निकामी झालेली असतात. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुसंसर्गावरच्या औषधाच्या सिरपमध्ये हेच वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात मूत्रपिंडे निकामी होऊन लहान मुले दगावली, तेव्हा ज्या सिरपांवर संशय आला त्यांतही हेच निघाले. पंच्याऐंशी वर्षांनी! हे विष ओळखणारी चाचणी केव्हाच उपलब्ध आहे. ड्रमसोबत आलेल्या शुद्धतेच्या दाखल्यावर विसंबून ती टाळली जाते, याची मला मनापासून चीड येते.

म्हणून माझे मागणे असे, की प्रत्येक ड्रम वापरण्याआधी कारखान्याने स्वतः तपासावा, दाखला कितीही चोख असो. आणि मूळ द्रव्य कोणी, कुठे बनवले ते रुग्णाला वाचता यावे. जागा नाही ही सबब पटत नाही; खोक्यात घडी घातलेला कागद असतोच, त्यात दोन ओळी सहज मावतील.

आपली,
एक वाचक