उतरलो ती जागा

नागपूर,
२७ जून

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण एकच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर फेब्रुवारीतली एक गोष्ट आधी सांगावी लागणार होती, आणि ती मी घरीसुद्धा धड सांगितली नव्हती. आता घरी सांगून झाली आहे, म्हणून तुलाही लिहितो.

आधी तुझा प्रश्न. मे महिन्यात नागपूरची हवा आयतीच एवढी तापलेली असते, तर माझा गरम हवेचा, माणसं घेऊन उडणारा फुगा निम्म्या गॅसवर उडायला हवा. मग मी उन्हाळाभर घरी कसा, असं तू विचारलंस. खूप जणांना तसंच वाटतं. पण फुगा उचलला जातो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या फरकामुळे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा जितकी जास्त गरम, तितकी ती हलकी आणि तितकं जास्त वजन उचलणार. आता ३,००० घनमीटरचा फुगा धर. आतली हवा १०० अंशांवर नेली आणि बाहेर आपल्याकडची डिसेंबरातली १० अंशांची पहाट असली, तर तो ८७० किलोच्या आसपास उचलतो. त्यातच कापड, माणसं उभी राहतात ती पाटी, बर्नर, सिलिंडर आणि माणसं सगळं आलं. तोच फुगा मे महिन्यात पहाटेच्या ३० अंशांत ६३० किलोंवर येतो. म्हणजे तीन माणसं खाली उतरवावी लागतात. आत आणखी तापवावं तर नायलॉनचं कापड त्या उष्णतेने लवकर म्हातारं होतं.

आणि वजनापेक्षा मोठी अडचण वाऱ्याची. उन्हाळ्यात सकाळी आठलाच जमीन तापते आणि गरम हवेचे लोट वर सुटतात. शाळेच्या मैदानात आपण वावटळीच्या मागे धावायचो, आठवतं? धूळ, पाचोळा, कुणाचा तरी रुमाल, सगळं गरगरत वर जायचं. तसल्या लोटात फुगा सापडला तर पायलटच्या हाती फार काही उरत नाही. पुढे पावसाळ्याचं तर विचारूच नको. म्हणून एप्रिल ते सप्टेंबर फुगा थैलीत, आणि मी घरी. दिवाळीनंतर मात्र मी घरचा राहत नाही. कार्तिकात राजस्थानात पुष्करची जत्रा, जानेवारीत तमिळनाडूत पोल्लाचीचा फुग्यांचा महोत्सव, मध्ये जिथून बोलावणं येईल तिथे. तुझी वहिनी मार्चअखेरपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझे घरी असण्याचे दिवस गोल करून ठेवते. यंदा चार महिन्यांत एकोणीस गोल झाले. मी मोजले.

त्यामुळे हे सहा महिने त्यांचे. यंदा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायच्या आधी आम्ही सगळे चिखलदऱ्याला गेलो. आई, बाबा, तुझी वहिनी आणि छकुली. अमरावतीपर्यंत गाडीची काच खाली करायची सोय नव्हती, बाहेरून भट्टीचा झोत यायचा. परतवाडा सोडून घाट चढायला लागलो आणि चौथ्या-पाचव्या वळणावर आईने स्वतःहून काच खाली केली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम ११०० मीटर, पण नागपूरहून जाणाऱ्याला तेवढं पुरतं. संध्याकाळी बाबांनी चक्क पांघरूण मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचबोल पॉइंटला गेलो. तिथे हाक मारली की दरीतून पुन्हा पुन्हा परत येते. छकुलीने आधी स्वतःचं नाव ओरडून घेतलं, मग आजीचं, मग माझं. वाटेत तिला रुईची सुकलेली बोंडं सापडली होती. ती फोडून तिने त्यातल्या म्हाताऱ्या एकेक करून कठड्यावरून सोडल्या. मला वाटलं खाली दरीत जातील. नऊ वाजले होते, कठड्याखालच्या उतारावर ऊन आलं होतं, आणि त्या म्हाताऱ्या सरळ वर चढल्या. आमच्या डोक्यावरून मागच्या झाडांवर गेल्या. ऊन लागलेल्या उतारावरून वारा वर सरकतो हे मी कितीदा वाचलंय, कितीदा फुग्यातून अनुभवलंय, पण असं स्वच्छ डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. छकुली म्हणाली, "बाबा, थांब, अजून एक सोडते, तू फक्त बघ." अर्धा तास आम्ही तेच केलं. आमच्यात उड्डाणाआधी हेलियमचा छोटा फुगा सोडून वारा बघतात. मी तिला ते समजावून सांगितलं, तर तिचं म्हणणं पडलं की म्हातारी जास्त चांगली, तिला फुगवावं लागत नाही.

तेव्हापासून तिला वाऱ्याचं वेडच लागलंय. आपल्या नागपूरच्या हवामान केंद्रातून रोज दोनदा, पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराची हवा मोजण्यासाठी, उपकरण बांधलेला फुगा सोडतात. किती उंचीवर वारा कुठून आणि किती, हे त्यातून कळतं. ते आकडे मी ऑफ-सीझनलाही सोडत नाही. परवा पाऊस उघडला तेव्हा तिला गच्चीवर नेलं आणि आडवं झोपून वर बघायला सांगितलं. खालचे काळे ढग पश्चिमेकडून धावत येत होते, आणि त्यांच्या फटीतून दिसणारे अगदी वरचे, कापूस पिंजल्यासारखे पांढरे ढग उलट्या दिशेने, पूर्वेकडून सरकत होते. पावसाळ्यात आपल्याकडे खाली पश्चिमेचा वारा आणि खूप वर पूर्वेचा, असं असतं. तिने हात वर करून एक बोट इकडे, एक बोट तिकडे असं कितीतरी वेळ धरून ठेवलं.

आता ती फेब्रुवारीतली गोष्ट.

तुला फोनवर सांगितलं होतं की काटोलच्या अलीकडे उडलो आणि हरभऱ्याच्या वावरात मऊ उतरलो. उड्डाण खरंच सुंदर झालं होतं. संत्र्याच्या बागांवरून जेमतेम शंभर फुटांवरून जात होतो. संत्र्यांचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा, फुलला होता, आणि बर्नर बंद केला की खालून तो वास पाटीत यायचा. इतका दाट, की माझ्याबरोबरचे दोघंही बोलायचे थांबले. मीही त्यातच रमलो, आणि चूक तिथेच झाली.

उतरायला एक रिकामं वावर हेरलं होतं. खाली येताना जमिनीजवळचा वारा माझ्या अंदाजापेक्षा आधीच वाढला आणि वावर मागे पडलं. पुढे हरभरा होता. फुग्यातून विजेच्या तारा सहसा दिसत नाहीत. दिसतात ते खांब, आणि दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. एक खांब मला दिसला होता. दुसरा एका आंब्याआड होता. तो दिसला तेव्हा फार जवळ होता. मी दोन्ही बर्नर एकदम उघडले. पण फुगा लगेच ऐकत नाही. आग दिल्यापासून तो वर उचलेपर्यंत जे सेकंद जातात, ते मोजायची माझी ताकद नव्हती. पाटीचं बूड तारेच्या वरून गेलं, असेल वीसेक फूट. पलीकडे गेल्यावर वरची झडप पूर्ण उघडली, पाटी टेकली आणि हरभऱ्यातून पंधरा-वीस पावलं घासत गेली. कुणाला खरचटलंही नाही. म्हणून "मऊ उतरलो."

वावराचा मालक, आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, धावत आले. त्यांच्यामागून अर्धं गाव आलं, आणि फुग्याने मोडला त्याच्या दुप्पट हरभरा बघायला आलेल्यांच्या पायांखाली गेला. नेहमी असंच होतं. मी भरपाई काढली तर काकाजींनी हात जोडले. "पैसे राहू द्या जी. मिरगाच्या आधी घरच्यायले घेऊन या, रोडगे करू."

तर मृगाच्या दोन दिवस आधी आम्ही सगळे गेलो. मला जायचंच होतं. उतरायची जागा आम्ही निवडतो असं म्हणतो खरं, पण शेवटी वारा नेईल तिथे दुसऱ्याच्या पिकात जाऊन बसतो. त्या घरी एकदा पायी जाऊन यावं, असं मला फार दिवस वाटत होतं.

बागेची एक बाजू हिरवी होती आणि दुसऱ्या बाजूची झाडं पार मलूल, पानं वळलेली. छकुलीला वाईट वाटलं, तिने तांब्यातलं पाणी एका झाडाला घालायला घेतलं. काकाजींनी हळूच तिचा हात धरला. ही मृग बहाराची झाडं, त्यांना मुद्दाम ताण दिलाय, पाणी तोडलंय. पहिला पाऊस पडला की मग फुलतील, असं त्यांनी तिला बसून समजावलं. आत्ता तांब्याभर जरी दिलं तरी झाडाचा हिशेब चुकतो म्हणाले.

आंब्याखाली गोवऱ्यांचा जाळ पेटला होता. काकूंनी आईला शेजारी बसवून घेतलं आणि दोघी तेलाचा हात लावून कणकेच्या रोडग्यांचे थर वळत बसल्या. राखेतून काढून, फडक्यात झटकून, हाताने फोडून त्यात तूप, आणि सोबत वांग्याची भाजी. बाबांनी तीन खाल्ले. मग काकाजी गावातल्या एका म्हाताऱ्याला ती सकाळ सांगायला लागले, आमच्या सगळ्यांच्या समोर. "हे तारेच्या वरून गेले ना जी, तवा माह्या जिवाचं पाणी झालं. येवढा मोठा गोळा, अन् तार काही यायले दिसून नाही राहिली, असं वाटलं मले."

मी खाली बघत राहिलो. तुझ्या वहिनीने हातातला रोडगा पत्रावळीत ठेवला.

बाबा उठले. काठी टेकत त्या खांबापर्यंत गेले, तिथून आंब्यापर्यंत, मग दुसऱ्या खांबापर्यंत. मीही मागोमाग गेलो. त्यांची सगळी नोकरी रेल्वेत, २५,००० व्होल्टच्या तारांखाली गेलेली. तार म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

"किती वर होतास?"

"वीस फूट."

"कुठून मोजलेस?"

"पाटीच्या बुडापासून."

ते बराच वेळ तारेकडे बघत उभे राहिले. नंतर म्हणाले, "मऊ उतरलो म्हणाला होतास." एवढंच. परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो गाडीपर्यंत काढला नाही.

त्या रात्री कूलरचा आवाज होता म्हणून आम्ही दोघं गच्चीवर बसलो. मी तुझ्या वहिनीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आंब्याआडचा खांब, आणि उघडून धरलेले बर्नर, आणि त्यानंतर हात कसे थरथरत होते ते. ही पहिलीच वेळ नाही, चार वर्षांपूर्वीही एकदा असं झालं होतं, तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, सोडून दे हे. तसं म्हणाली नाही. म्हणाली, "तू फोन करतोस तेव्हा मला सूर्योदय सांगतोस, धुकं सांगतोस, फुलांचा वास सांगतोस. इथून पुढे आधी तार सांगायची. बाकीचं नंतर." मी कबूल केलं. मनापासून केलं. आजवर मी तिची काळजी वाचवतो आहे असं समजत होतो, आणि ती मात्र दर सकाळी काय लपवलंय हे ओळखत बसायची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी छकुलीची चित्रकलेची वही घेतली आणि मला त्या वावराचा नकाशा काढायला लावला. वाऱ्याची दिशा, आंबा, दोन्ही खांब. मग स्केलने रेघ ओढून दाखवली की आणखी जरा आधी, दीडशे फुटांवर असताना नजर टाकली असती तर आंब्यामागचा खांब दिसला असता. बरोबर होतं. तो कागद आता माझ्या उड्डाणाच्या वहीत चिकटवलाय. सीझन सुरू व्हायच्या आधी माझ्या जुन्या उतरण्याच्या जागा आम्ही दोघं अशाच एकेक काढणार आहोत. जितक्या आठवतील तितक्या.

आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि मंगल कार्यालयं स्वस्तात मिळतात. दरवर्षीप्रमाणे एक हॉल दोन दिवसांसाठी घेतलाय. फुगा पसरून, पट्टा-पट्टा उजेडात धरून बघायचा, शिवण चाचपायची, दोर तपासायचे, दमट जागी बुरशी धरली असेल तर पुसून वाळवायचं. यंदा दोर बाबा तपासणार आहेत. गेल्या वर्षी आईने नुसत्या हाताने चाचपून एक टाचणीएवढं भोक शोधलं होतं, जे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

काल काकाजींचा फोन आला. पाऊस चांगला झाला, कळ्या अजून दिसत नाहीत, पण पानं ताठ झालीत म्हणाले. छकुलीशी वेगळं बोलले.

तू नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ये. पुष्करला निघण्याआधी दोन-तीन पहाटा इथेच उडायचा विचार आहे. चारला उठावं लागेल, आणि स्वेटर आण, वर गार असतं. बाबा जीपमधून मागे येणार आहेत, खांबांवर लक्ष ठेवायला. तू त्यांच्याबरोबर बस किंवा माझ्याबरोबर वर चल, तुझं तू ठरव. तुझ्या घरी, माझ्या वहिनीला मात्र आधी सांगून ये.

तुझ्या आईच्या गुडघ्याचं काय झालं ते नक्की कळव. त्यांना माझा नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझाच