स्फोटातून चालत बाहेर आलेल्या जवानाचे नाव कुठे लिहिता? : मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला आणि १५ पोलीस जवान व गाडीचा चालक शहीद झाले. शहिदांची नावे सरकारदरबारी असतात. हातपाय गमावलेल्यांचीही असतात. पण अशा एखाद्या स्फोटात जो मागच्या गाडीत होता, किंवा काही पावलांवर आडवा फेकला गेला, उठला, अंगावरची माती झटकली आणि रायफल उचलून पुढे निघाला, त्याचे नाव कुठल्या वहीत असते?

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. असा माणूस लगेच दवाखान्यात येत नाही. महिने उलटतात आणि बहुतेक वेळा त्याला बायको किंवा भाऊ घेऊन येतो. डोक्याला मार लागल्याचे कुणी सांगतही नाही. ‘झोपत नाही. एवढ्या-तेवढ्यावरून खवळतो, पोरं समोर यायला भितात. सांगितलेलं ध्यानात राहत नाही. आता प्यायलाही लागलाय.’ सीटी स्कॅन कधीच झालेला असतो आणि त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. मग घरचे, शेजारचे आणि वरिष्ठ, सगळ्यांचे एकमत होते : हा बिघडला.

महोदय, सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो, हाड मोडलेले दाखवतो. मेंदूतली रसायने तो दाखवत नाही. स्फोटाची दाबलहर ध्वनीपेक्षा वेगाने कवटीतून आरपार जाते, तिच्यामागून येणारा वारा मानेला हिसका देतो. त्या क्षणी चेतापेशी ताणल्या जातात आणि ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन एकदम ओतले जाते. पोटॅशियम पेशीबाहेर पडते, कॅल्शियम आत घुसते. हा तोल सावरायला पेशीला भरमसाट ऊर्जा लागते आणि नेमक्या त्याच वेळी कॅल्शियमने तिची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा मंदावलेली असते. वीज गेलेल्या गावात सगळे पंप एकदम चालू करावेत तसे. बहुतेकांत हे काही दिवसांत, काही आठवड्यांत निवळते. काहींत निवळत नाही. मेंदूतल्या संरक्षक पेशी दीर्घकाळ चेतलेल्या राहतात, सूज धुमसत राहते. कपाळामागचा जो भाग रागाला लगाम घालतो त्याच्या जोडण्या सैल पडतात. झोप मोडते, आणि मोडलेली झोप बाकी सगळे आणखी बिघडवते.

मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या, शरीरातल्या संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) ताबा ठेवणाऱ्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीलाही धक्का बसतो. अमेरिकेत सिएटलमध्ये २०१२ साली स्फोट झेललेले २६ माजी सैनिक तपासले, तेव्हा ११ जणांची संप्रेरके बिघडलेली निघाली. संख्या लहान आहे, हे मान्य. पण थकवा, उदासी, वैवाहिक जीवनातला दुरावा यांमागे संप्रेरकाची कमतरता असू शकते आणि ती साध्या रक्ततपासणीत सापडते. आपल्याकडे अशा जवानाला ती तपासणी सांगतो कोण?

२०१६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्फोट झेललेल्या सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्यांना एरवी डोक्याला मार लागलेल्यांत न दिसणारे व्रण सापडले, करड्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर. जानेवारी २०२० मध्ये इराकच्या अल-असद तळावर इराणी क्षेपणास्त्रे पडली तेव्हा ‘कुणालाही इजा नाही’ असे आधी जाहीर झाले. पुढे शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूच्या दुखापतीचे निदान झाले. त्यांच्याकडे तपासणारे होते म्हणून आकडा तरी कळला.

राग आला की तो मेंदूच्या दुखापतीमुळेच, असे मी म्हणत नाही. भीतीच्या आठवणींतून येणारा मानसिक आघात असतो, दोन्ही एकत्रही असतात आणि वेगळे काढणे आम्हालाही जड जाते. बायकोवर हात उचलणाऱ्याला यातून माफी मिळावी, असेही माझे म्हणणे नाही. पण उशिरा हजर राहणे, आदेश विसरणे, वरिष्ठांशी हुज्जत घालणे यांबद्दल कसुरी अहवाल पाठवण्याआधी ‘हा कधी स्फोटाजवळ होता का?’ एवढे विचारायला हवे. वेतनवाढ रोखून ग्लुटामेटचा तोल सुधारत नाही.

म्हणून मागणी करतो. प्रत्येक स्फोटानंतर जवळ असलेल्या सर्वांची नावे, अंतर आणि शुद्ध हरपली होती की नाही, हे त्याच दिवशी सेवापुस्तकात लिहावे. सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकात आणि बाँबशोधक-नाशक पथकात दाखल होतानाच प्रत्येकाची स्मृती व एकाग्रतेची चाचणी घ्यावी, म्हणजे पुढे तुलना करता येईल. याला मोठे यंत्र लागत नाही. गडचिरोलीत ठरावीक दिवशी मेंदूविकार आणि मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असावी, तिथे घरच्यांनाही बोलवावे, कारण बदल त्यांनाच आधी दिसतो. आणि अशा जवानाची विभागीय चौकशी सुरू करण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ जणांसह गडचिरोलीतच शस्त्रे ठेवली. जंगलातली लढाई ओसरते आहे, याचा आनंद आहेच. पण पथके विखुरली, बदल्या झाल्या, जवान निवृत्त झाले की कोण कुठल्या स्फोटात होते हे सांगणारे सोबतीही पांगतील. जुन्या नोंदी गोळा करायचे काम यंदाच सुरू व्हावे. जिल्हा पोलीस दलाला तसा आदेश काढाल का, आणि काढलात तर त्याची प्रत जाहीर कराल का?

आपला,
विदर्भातील एक मेंदूविकारतज्ज्ञ