आमच्या गाण्याच्या खोलीसाठी स्क्रीन निवडून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, अशी तुमची अट आहे. ती पाळते. आभार मात्र चारचौघांतच मानणार, कारण घरातल्या एका खोलीत तंबोरा, पेटी, तबला घेऊन रेकॉर्डिंग करणारी मी काही एकटी नाही. मिरज-सांगलीकडे आणि बाहेरही असे कितीतरी गाणारे-शिकवणारे आहेत. संगणकाला कुठली स्क्रीन घ्यावी असा प्रश्न पडला, की त्यांना सांगणारं कोणी भेटत नाही. दुकानात चौकशी केली तर १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा बदलणारं चित्र), वक्र पडदा, गेमिंग इथूनच सुरुवात होते. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते वेगळंच होतं : "ताई, गाताना खाली बसता की खुर्चीत?"

तेवढ्यावर निम्मी निवड झाली. आमची बैठक जमिनीवर, आणि गाताना अभंगाचे शब्द स्क्रीनवर दिसायला हवे असतात. म्हणजे नजर खालून वर जाणार. स्वस्तातलं टीएन पॅनेल खालून बघितलं की काळवंडतं, अक्षरं ओळखू येत नाहीत. आयपीएस पॅनेलचं तसं होत नाही, हे तुम्ही दुकानात मला उकिडवं बसवून दोन्ही स्क्रीन दाखवून पटवलंत. वर माइकची जागाही तिथल्या तिथेच ठरवलीत. आमचा माइक कार्डिऑइड, तो पाठीकडून सगळ्यात कमी ऐकतो. त्याची पाठ संगणकाकडे केली, की गाणाऱ्याचं तोंड आपोआप स्क्रीनकडे येतं आणि संगणकाच्या पंख्याची घरघर माइकच्या पाठीवर पडते. शब्द दिसतात आणि आवाज स्वच्छ येतो, दोन्ही कामं एका बैठकीत होतात.

आकाराचं गणित तुम्ही टेप घेऊन मांडलंत. माझं टेबल चार फुटी, म्हणजे १२२ सेंटीमीटर. मला हव्या होत्या २४ इंची दोन स्क्रीन, एकीवर ट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी, आणि दुसरीवर त्यांची पातळी जुळवायचा मिक्सर. २४ इंची स्क्रीन साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असते. दोन मांडल्या की टेबल संपलं, स्पीकर कुठे ठेवायचे? एकतर ते स्क्रीनच्या मागे दडतात, नाहीतर इतके लांब जातात की आपण आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण होत नाही, आणि मग डावं-उजवं आणि मधलं नीट ऐकू येत नाही. २७ इंची एकच स्क्रीन ६० सेंटीमीटरची. दोन्ही बाजूंना स्पीकरला जागा उरते. आमच्या कामात ट्रॅक तरी किती असतात? तंबोरा, पेटी, तबल्याचे दोन माइक, टाळ, मुख्य आवाज, मागे साथीला मुली. दहा-बारा ट्रॅक एका पडद्यावर सहज मावतात.

त्यातही २५६० गुणिले १४४० पिक्सेलचीच घ्या, हा तुमचा आग्रह होता. २७ इंचावर १९२० गुणिले १०८० घेतली तर इंचाला ८२च्या आसपास पिक्सेल पडतात आणि अक्षर भरड दिसतं. १४४० वर तेच १०९ होतात. फोर-के घेतली असती तर विंडोजमध्ये सगळं दीडपट मोठं करून बघावं लागलं असतं, आणि माझे जुने प्लग-इन (आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम) एकतर मुंगीएवढे झाले असते नाहीतर धुरकट. १४४ हर्ट्झसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही, वेव्हफॉर्म सरकताना बघायला ६० पुरतात, हेही तुम्ही दुकानदारासमोरच सांगितलंत. त्यांनीही ते हसून मान्य केलं, याचं मला कौतुक वाटतं. ओलेड जातीच्या पडद्याला तुम्ही नको म्हणालात, कारण आमच्या कामात तेच ते पट्टे आणि बटणं तासन्तास एका जागी असतात आणि त्यांचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

आता आरशाबद्दल. हा भाग मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

तुम्ही मला खुर्चीत बसवलंत, दोन्ही स्पीकर लावलेत, आणि माझ्याच कंगव्याच्या डब्यातला छोटा आरसा स्क्रीनवरून हळूहळू सरकवत नेलात. "आरशात स्पीकरचा ट्विटर दिसला की थांबवा." ट्विटर म्हणजे स्पीकरमधला उंच, बारीक आवाज देणारा छोटा भाग. स्क्रीन स्पीकरच्या पुढे ओढलेली होती तेव्हा तो लगेच दिसला. म्हणजे स्पीकरचा आवाज तिथे आपटून माझ्या कानाशी येत होता, थेट येणाऱ्या आवाजापेक्षा जरासा उशिरा. पाठोपाठ हिशोबही सांगितलात : हा उडून आलेला आवाज ३४ सेंटीमीटर जास्त चालून आला तर एक मिलिसेकंद उशीर होतो, आणि तेवढ्यानं ५०० हर्ट्झच्या सुरापाशी खाच पडते, म्हणजे तो सूर दबतो, मग १५००ला, मग २५००ला. गळ्याचा बराचसा रंग याच पट्ट्यात. मिक्स करताना आवाज पोकळ वाटतो, आपण इक्वलायझरनं भरत बसतो, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या घरी बोचरी लागते.

मग तुम्ही स्क्रीन स्पीकरच्या रेषेच्या मागे ढकललीत, थोडी खाली घेतलीत, वरचा काठ किंचित मागे कलवलात. पुन्हा आरसा फिरवला. ट्विटर कुठेच दिसेना. त्यानंतर आमचं जुनंच एक रेकॉर्डिंग लावलंत, आणि मुख्य आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध उभा राहिला. मी तो आधी तिथे कधी ऐकला नव्हता. दोन स्क्रीन आतल्या बाजूला वळवून ठेवल्या असत्या तर डावीवर उजव्या स्पीकरचा आणि उजवीवर डाव्याचा आवाज आपटला असता, हेही मला तेव्हाच कळलं.

यासाठीच तुम्ही टेबलाला आवळून बसणारा, स्क्रीन धरून ठेवणारा हात घ्यायला लावलात, आणि स्क्रीन घेण्याआधी तिच्या पाठीवर १०० गुणिले १०० मिलिमीटरची चार भोकं आहेत ना, ते बघायला. सगळ्या मॉडेलना ती नसतात. आता एडिटिंग करताना स्क्रीन जवळ ओढते, मिक्सला मागे ढकलते, गाताना खाली वळवते.

दुकानातली आणखी एक गोष्ट. खिशातला छोटा रेकॉर्डर काढून, कानाला हेडफोन लावून तुम्ही एकेका स्क्रीनची पाठ ऐकत होतात आणि ब्राइटनेस शंभरावरून तिसापर्यंत उतरवत होतात. एका स्क्रीनला उजेड कमी केला तशी बारीक किणकिण सुरू झाली. हेडफोन माझ्या कानाला लावून ती मला ऐकवलीत. काही स्क्रीन दिवे फार वेगानं उघडझाप करून उजेड कमी करतात आणि त्यातून असा आवाज येऊ शकतो. शेजारची स्क्रीन तशीच मंद करूनही गप्प होती, ती आपण घेतली. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो ज्या जवारीसाठी, म्हणजे तारेच्या घुमत्या झंकारासाठी, नावाजला जातो, ती माइकमध्ये उतरवायची तर गेन, म्हणजे माइकचा आवाज, बराच चढवावा लागतो. तिच्या वरच्या झंकारात ही किणकिण मिसळली असती तर नंतर ती काढणं कोणाच्याही हातात नव्हतं.

घरी जोडणी झाल्यावर स्पीकरमधून गुणगुण यायला लागली, तेव्हा माझा धीर सुटला होता. एचडीएमआयची वायर काढली की गुणगुण बंद, लावली की सुरू. स्क्रीनमध्येच दोष आहे असं मला वाटलं, आणि प्लगची अर्थिंगची पिन काढून टाक, असा सल्लाही कोणीतरी फोनवर दिला. तुम्ही तो ऐकून जवळजवळ ओरडलात. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, तिला हात लावायचा नाही. मग संगणक, स्क्रीन, इंटरफेस (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारा डबा), स्पीकर हे सगळं एकाच बोर्डावर घेतलंत आणि स्पीकरच्या साध्या वायरी बदलून बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतली गुणगुण छाटून टाकणाऱ्या, वायरी लावल्यात. गुणगुण गेली, स्क्रीन निर्दोष ठरली. जाता जाता विंडोजमधला स्क्रीनचा ऑडिओही बंद करून गेलात, नाहीतर वायर हलली की आवाज परस्पर स्क्रीनच्या चिमुकल्या स्पीकरकडे जातो.

एवढं करून तुम्ही फक्त चहा घेतलात. मुंबईच्या स्टुडिओंत इतकी वर्षं कमावलेले कान तुम्ही माझ्या दहा बाय अकराच्या खोलीसाठी दिवसभर राबवलेत. मोठ्या स्टुडिओत तुम्ही जितकं बारकाईनं बघत असाल, तितकंच इथेही बघितलंत. त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

मुलींच्या अभंगांचं नवं मिक्स पाठवलंय. टाळ जरा पुढे आलेत का, तेवढं सांगा. आणि गुरुपौर्णिमेला वहिनींना घेऊन जेवायलाच या, या वेळी नुसत्या चहावर सोडणार नाही.

तुमची,
मिरजेची ताई