खुले पत्र : द्रावक बदला, पण कृतीसह

मा. उच्च शिक्षण मंत्री यांस,
सादर नमस्कार.

बियांतून तेल काढण्याच्या प्रात्यक्षिकात तेल विरघळवणारा द्रावक म्हणून अजूनही सर्रास हेक्झेन वापरतात. त्याची वाफ उणे २२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि शरीरात त्यापासून बनणारे २,५-हेक्झेनडायोन हातापायांच्या नसा निकामी करते. त्याजागी इथाइल ॲसिटेट आणावे, ही आमची मागणी आहे. मात्र प्रयोगपुस्तिकेत नुसते नाव बदलले, तर विद्यार्थी चुकीचे आकडे खरे मानतील.

तेल काढण्याची कृती फारशी बदलत नाही. वाळवलेले १० ग्रॅम बी अर्ध्या ते एक मिलिमीटरपर्यंत भरडून थिंबलमध्ये (गाळणकागदाच्या नळकांड्यात) भरावे, फ्लास्कमध्ये १५० मिलि द्रावक घ्यावे आणि सॉक्सलेट (उकळता द्रावक पुन्हापुन्हा बियांवरून फिरवणारे उपकरण) तासाला चार-पाच फेऱ्यांनी सहा तास चालवावे. पीठ करू नये. ते गच्च बसते, द्रावक कडेने वाट काढतो आणि मधले तेल तसेच राहते.

खरी अडचण पुढे आहे. इथाइल ॲसिटेट हेक्झेनपेक्षा जास्त ध्रुवीय असल्याने (रेणूत विद्युतभार असमान वाटलेला असल्याने) तेलाबरोबर फॉस्फोलिपिड (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ) आणि रंगद्रव्येही ओढून आणते. वजन वाढते, पण ती वाढ तेलाची नसते. म्हणून दोन-तीन थिंबलांचे तेल द्रावक उडवून एकत्र करावे, ७० अंशांवर २ टक्के पाणी घालून अर्धा तास ढवळावे, सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेला डिंक (पाणी शोषलेले फॉस्फोलिपिड) वेगळा करावा आणि मगच तेल वाळवून तोलावे.

त्याहून फसवा आहे तो मागे उरलेला द्रावक. इथाइल ॲसिटेट तेलासारखेच स्वतः एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांचे संयुग) आहे. त्याचा एक ग्रॅम सुमारे ६३७ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड खातो, तेलाचा साधारण १९०. तेलात १ टक्का द्रावक राहिला तरी साबणीकरण मूल्य (एक ग्रॅम तेलाला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) १९० चे १९४.५ दिसते, आणि विद्यार्थी तेलातच भेसळ शोधू लागतो! रोटरी इव्हॅपोरेटरने (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या उपकरणाने) द्रावक काढल्यानंतर तेल पातळ थरात, निर्वातात वाळवावे. लागोपाठच्या दोन वजनांत ५ मिलिग्रॅमहून कमी फरक येईपर्यंत थांबू नये. ओल्या बियांवरून परत मिळवलेल्या द्रावकात ॲसिटिक आम्ल तयार होते. ते ११८ अंशांना उकळत असल्याने तेलात मागे राहते आणि आम्ल मूल्य (तेलातल्या मोकळ्या आम्लांचे माप) फुगवते. असा द्रावक सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वाळवून, पुन्हा ऊर्ध्वपातित करूनच वापरावा.

इथाइल ॲसिटेटऐवजी लिमोनीनचा (संत्र्याच्या सालीतून मिळणाऱ्या द्रावकाचा) आग्रह धरणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की ते १७६ अंशांना उकळते, तेलातून सहज निघत नाही, आणि त्यातल्या दोन दुहेरी बंधांमुळे आयोडीन मूल्य (तेलातल्या दुहेरी बंधांचे माप) वाढलेले दिसते.

पेरॉक्साइड मूल्यासाठी (तेल खवट होऊ लागल्याचे माप) क्लोरोफॉर्म या द्रावकाऐवजी आयसोऑक्टेन चालते. पण त्याचा थर वर तरंगतो, त्यामुळे अंत्यबिंदू (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) उशिरा कळतो. जोरात ढवळत, शेवटी थेंबाथेंबाने थायोसल्फेट (मापनासाठी घालायचे द्रावण) सोडायला हवे.

तेव्हा सुधारित पुस्तिकेत या पायऱ्या छापाव्यात आणि प्रत्येक प्रयोगशाळेला द्रावक परत मिळवता येईल असा रोटरी इव्हॅपोरेटर द्यावा. इथाइल ॲसिटेटची वाफही उणे ४ अंशांपासून पेट घेऊ शकते, म्हणून फ्यूम हूडचा (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटाचा) खर्च मात्र कापू नये.

कळावे,
तेलरसायनाची प्रात्यक्षिके घेणारे शिक्षक