सूचना : कावीळ 'ब' पॉझिटिव्ह मातांच्या बाळंतपणाबाबत

सर्व आशाताई, सिस्टर,

ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आत आपापल्या गावातल्या गरोदर बायांचा 'एचबीएसएजी' (कावीळ 'ब' म्हणजे हिपॅटायटीस-बी ची रक्ततपासणी) रिपोर्ट बघून घ्या. पॉझिटिव्ह असेल तर माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने ठळक लिहा. बाळंतपण कारखान्याकडं झालं, तर तिथल्या डॉक्टरांना तेवढंच कार्ड दिसणार आहे.

अशा बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत दोन इंजेक्शनं लागतात : एका मांडीत हिपॅटायटीस-बी लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. लसीनं बाळाच्या अंगात अँटीबॉडी (विषाणूशी लढणारे घटक) तयार व्हायला वेळ लागतो. इम्युनोग्लोब्युलिनमध्ये त्या तयारच असतात. जन्मताना लागण झालेल्या १० पैकी ९ बाळांत हा आजार कायमचा राहतो, म्हणून ही घाई.

लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. इम्युनोग्लोब्युलिन मात्र महाग, सगळीकडं ठेवलेलं नसतं. बाळंतपणाचा दवाखाना ठरवतानाच विचारून घ्या, रात्री कळा सुरू झाल्यावर धावपळ नको. ते मिळालं नाही तरी लस थांबवायची नाही.

पुढं ६, १०, १४ आठवड्यांना पेंटा (हिपॅटायटीस-बी धरून पाच आजारांवरची एकत्र लस), आणि ९ महिन्यांनंतर बाळाची रक्ततपासणी. आईनं अंगावर पाजायला हरकत नाही, हे सासूबाईंनाही समजावून सांगा.