बाबांसाठी मऊ ब्रश पाठवते आहे

केमनिट्झ, जर्मनी

प्रिय आई-बाबा,

सा. न.

माझ्या ऑफिसातला रत्नागिरीचा मुलगा पुढच्या आठवड्यात सुट्टीवर घरी निघालाय. त्याच्याबरोबर एक छोटं खोकं देते आहे. त्यात बाबांसाठी दाढीचा ब्रश आहे. दाढीचा म्हणजे दाढीचा आणि डोक्याचा, दोन्हीचा. एवढ्याशा वस्तूसाठी एवढं लांबलचक पत्र कशाला असं वाटेल, पण फोनवर हे सगळं सांगायला लागले की बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात. म्हणून लिहूनच काढते.

बाबा, आहे तो ब्रश अजून चांगला आहे असं तुम्ही म्हणणार, हे मला माहीत आहे. तो चांगला नाही. मागच्या रविवारी व्हिडिओवर तुमच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लाल पुरळ दिसत होतं आणि कानामागे कापूस लावलेला होता. आई म्हणाली, रेझर लागला. पण रेझर एकाच जागी लागला होता, बाकीचा लालपणा फेस चोळल्याचा होता. तुमच्याकडे भिंग आहे, त्यातून त्या ब्रशाची टोकं एकदा बघा. स्वस्त नायलॉनचे तंतू शेंड्याकडे निमुळते होत नाहीत, सरळ आडवे कापलेले असतात. अशी हजारो बोथट टोकं रोज कातडीवर फिरतात. चाळिशीत ते चालून गेलं. आता कातडी पातळ झाली आहे, तिला पूर्वीसारखं तेल सुटत नाही, आणि डोक्यावर तर ती हाडावर ताणून बसवलेली असते, गालासारखा खाली मांसाचा आधार नाही. त्यात स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू. बारीकशी चीरसुद्धा पाच-दहा मिनिटं वाहत राहते आणि आई घाबरी होते.

गेले काही शनिवार मी इथल्या दुकानांत ब्रश बघत फिरले. आमच्या शहराच्या दक्षिणेला सॅक्सनीचा डोंगराळ भाग आहे, तिथे ब्रश बनवण्याचा धंदा जुना आहे. म्यूले नावाची, १९४५ साली सुरू झालेली कंपनी तिथलीच. त्यामुळे इथल्या दुकानदाराला ब्रशाबद्दल दोन प्रश्न विचारले की तो चार ब्रश ओले करून हातात देतो. मी ते मनगटाच्या आतल्या बाजूला आणि गळ्याला लावून पाहिले, कारण तिथली कातडी बाबांच्या डोक्याच्या कातडीला त्यातल्या त्यात जवळची.

बाबा, इतकी वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या मुलांना तुम्ही ब्रश निवडायला शिकवलंत, त्यामुळे पुढचं तुम्हाला पटकन कळेल. दाढीच्या ब्रशात मुख्य चार जाती. पहिली डुकराच्या केसांची. तुमच्या तैलरंगांचा हॉग हेअर ब्रश, त्याचाच हा भाऊ. केस राठ आणि दणकट, वापरण्याआधी पाण्यात भिजवून ठेवावे लागतात. काही आठवडे वापरल्यावर टोकं फाटतात आणि तेव्हा कुठे तो मऊ व्हायला लागतो. इटलीत, पोर्तुगालमध्ये लोक तो आवडीने वापरतात. पण तुमच्या डोक्याने तेवढे आठवडे का सोसायचं? शिवाय कसले केस आहेत हे कळल्यावर आई तो मोरीतसुद्धा ठेवू देणार नाही, आणि तिला मी आग्रह करणार नाही.

दुसरी बॅजरच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या एका रानटी प्राण्याच्या, केसांची. हे केस बहुतेक चीनमधून येतात. हा ब्रश पाणी भरपूर धरून ठेवतो, जुन्या लोकांच्या मते याच्यासारखा दुसरा नाही. पण यातही प्रती आहेत. 'प्युअर' लिहिलेला असतो तो प्रत्यक्षात खालच्या प्रतीचा आणि टोचरा. खरा मऊ असतो तो 'सिल्व्हरटिप', शेंडे पांढरे असलेला. तो मी हातात घेतला, फार सुंदर होता. घेतला मात्र नाही. एक तर त्यासाठी प्राणी मारलेला असतो. दुसरं म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्या देवरुखात टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे हा दाट केसांचा गुच्छ आतून ओलाच राहणार, वास धरणार, बुरशी येणार.

तिसरी घोड्याच्या केसांची. स्पेनमध्ये ते अजून बनतात, शेपटीचे आणि आयाळीचे केस कापून घेतात, घोड्याला इजा नाही. मऊपणात डुक्कर आणि बॅजरच्या मधला. पण वाळण्याचा प्रश्न तोच.

यावरून एक महत्त्वाचं. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा जुना ब्रश आहे, हाडाच्या मुठीचा. बाबा म्हणाले होते की तो धुऊन वापरून बघतो. कृपा करून वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस ब्रशांत वापरले गेले, काही वेळा तर बॅजरसारखे दिसावेत म्हणून रंगवून. त्यांतून दाढी करताना झालेल्या बारीक जखमांवाटे इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि साध्या नागरिकांनाही अँथ्रॅक्स हा जनावरांपासून होणारा जीवघेणा रोग झाला, माणसं दगावली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. अँथ्रॅक्सचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. आजोबांच्या ब्रशात ते असतीलच असं मी म्हणत नाही, पण कुठून आला, कसल्या केसांचा, कोणालाच ठाऊक नाही. तो काचेच्या कपाटात ठेवा. आजचे ब्रश प्रक्रिया करूनच येतात, त्यांची ती काळजी नाही.

आणि चौथी जात कृत्रिम तंतूंची. मी हीच निवडली. कृत्रिम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तोच जुना नायलॉन येईल, पण हे तंतू फार वेगळे आहेत. प्रत्येक तंतू शेंड्याकडे अगदी बारीक होत जातो, आणि मऊपणा सगळा तिथेच असतो. बुडाशी मात्र तो जाड, म्हणून ब्रश लुळा पडत नाही. जलरंगाच्या चांगल्या सेबल ब्रशाचं टोक नाजूक पण पोट भरलेलं हवं असं तुम्ही सांगायचात, अगदी तसं. भिजवत बसायला नको, क्रीम कमी लागतं, आणि झटकून ठेवला की पावसाळ्यातही लवकर सुकतो. कोरडा असतानाचा मऊपणा फसवा असतो, म्हणून मी प्रत्येक ब्रश ओला करून, फेस काढूनच पाहिला. दोन ब्रश कोरडे असताना लोकरीसारखे लागले आणि फेसात गेल्यावर टोचायला लागले. हा नाही टोचला.

तुम्ही विचाराल, मुंगसाच्या केसांचा का नाही, आपल्याकडे तेही मिळायचे. तुम्ही स्वतःच ते रंगकामासाठी घेणं थांबवलंत, आठवतं ना. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, तरी त्याच्या केसांचे ब्रश चोरून विकले जात राहिले. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने अनेक राज्यांत त्यासाठी छापे घातले. थोड्याशा केसांसाठी कितीतरी मुंगसं मारली जातात. अंगणातून मुंगूस गेलं तर आई हातातलं काम टाकून त्याचं तोंड दिसेपर्यंत थांबते. अशा घरात तो ब्रश नकोच.

आता मापाचं. नुसत्या दाढीला वीस-बावीस मिलिमीटर जाडीचा गुच्छ पुरतो. डोक्याचा पसारा मोठा, तिथे तेवढ्यात फेस संपतो आणि मग कोरड्यावर घासलं जातं. फार मोठा घेतला तर नाकाखाली आणि कानाच्या पाळीमागे नीट जात नाही. म्हणून २४ मिलिमीटरचा घेतला, दोन्हीकडे चालेल असा.

आणि आई, मूठ तुझ्या हाताकडे बघून निवडली आहे. बाबांचा खांदा आखडल्यापासून त्यांच्या डोक्याची मागची बाजू तूच करतेस. तुझी बोटं सकाळी वळत नाहीत हे मला माहीत आहे. ही मूठ जाड आहे, मध्ये कंबर आहे, ओल्या हातातून निसटत नाही. पॉलिश केलेल्या लाकडाची याहून देखणी होती, पण ती पाण्याने पुढेमागे तडकते.

वापरायचं असं. अंघोळीनंतर लगेच, कातडी ओली असतानाच. फेस डोक्यावर घासून काढायचा नाही, वाटीत काढायचा. बदामाएवढं क्रीम, ब्रश झटकून अर्धवट ओला, आणि मग थेंब थेंब कोमट पाणी. आपल्या विहिरीचं पाणी हलकं आहे, फेस भरपूर येईल. (पुण्यात दादाकडे जाल तेव्हा बोअरचं पाणी घेऊ नका, त्यात फेस फाटतो. पेलाभर आरओ फिल्टरचं घ्या.) मग तो फेस ब्रशाच्या नुसत्या शेंड्यांनी पसरायचा, बाबा, जलरंगात सपाट वॉश देता तसा, दाब न देता. दाबून गोल गोल फिरवलं तर कातडीही सोलवटते आणि तंतूही बुडाशी मोडतात. फेस लावून दोन मिनिटं थांबा. केस पाणी पितो, मऊ होतो आणि मगच पात्याखाली सहज कापला जातो. रेझरवर जोर देण्याचं निम्मं कारण हेच असतं की लोक थांबत नाहीत.

डोक्यावरचे केस सगळीकडे एका दिशेने उगवत नाहीत. आई, भोवऱ्याभोवती हात फिरवून बघ, खुंट कुठे आडवे लागतात ते कळेल. तिथे केसांच्या दिशेनेच रेझर ने, उलटा नेऊ नकोस. अगदी तुळतुळीत व्हायला हवं असं काही नाही. पातं मात्र दर तीन-चार वेळांनी बदला, त्यात काटकसर नको. कापलंच तर स्वच्छ फडकं पाच मिनिटं न उचलता दाबून धर, सारखं उघडून बघायचं नाही. तुरटी फक्त त्या जागेवर. बाबा ती सगळ्या डोक्यावर फिरवतात, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. त्याऐवजी थोडं खोबरेल लावा. आणि रक्त येतं म्हणून गोळी मनानं चुकवायची नाही, काही शंका असली तर डॉक्टरांना विचारायचं.

झाल्यावर ब्रश नळाखाली धुवा, बोटांनी फेस काढा, तीनदा झटका आणि मोरीबाहेर, खिडकीजवळ ठेवा. उभा ठेवला तरी चालेल. पंधरा दिवसांतून एकदा भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब टाकून धुतला की क्रीमचा थर निघून जातो. उकळत्या पाण्यात घालायचा नाही, बुडाचा गोंद सुटेल.

एक काम आजच करा. बाबांच्या उजव्या कानामागचा तो मस रेझरखाली पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी त्यातून रक्त येतं, असं आई म्हणाली. ते ब्रशाने सुटणारं नाही. रत्नागिरीला त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि तोवर त्या जागेवर फक्त कात्रीने केस कमी करा. वेळ कधीची मिळाली ते मला संध्याकाळी कळवा, मी दादाला सांगून गाडीचं बघते.

तुमची,
मनू